उजेड संपतो तिथे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मीही हसले होते.

पण माझ्या मामीला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आणि ती वाटली जात होती तेव्हा मामी बहुधा झोपलेली होती. ती कपडे दुरुस्त करून देते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कॉलर उलटवणं. कोणी म्हणालं की बाही जरा वेगळी शिवा, तर तिला घाम फुटतो. अशी बाई गोष्ट रचणार कुठून?

आणि मामा लिफ्ट दुरुस्त करतो. बंद लिफ्टच्या खालच्या काळोख्या खड्ड्यात बसून डबा खाणारा माणूस आहे तो. त्याला घाबरवणं म्हणजे दगडाला गुदगुल्या करणं.

जे घडलं ते या दोघांच्या बाबतीत घडलं. यंदाच्याच थंडीत. त्यांच्या घरामागच्या गल्लीत, रात्रीची जेवणं आटोपल्यावर.

गल्ली सरळसोट आहे. एका बाजूला घरांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला छापखाना, आणि शेवटी गोदामाची उंच भिंत. पुढे वाट नाही. केबल टाकण्यासाठी गल्ली खणली तेव्हा दिवे गेले, ते गेलेच.

तरी मामीला रोज रात्री तिथे जावं लागायचं.

बोक्यासाठी.

बोक्या हा कुत्रा आहे. पिल्लू असताना मांजरासारखा पाय दुमडून खिडकीत बसायचा, म्हणून मामाने थट्टेत नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता तो म्हातारा झालाय. मूत्रपिंडं थकली आहेत. डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे त्याला झोपण्याआधी बाहेर न्यावंच लागतं. आणि हा पठ्ठ्या असा, की जीव जाईल पण घरात करणार नाही. बाहेरही करेल तर फक्त त्या गोदामाच्या भिंतीपाशी. लहानपणापासूनची जागा ती.

दिवे होते तोवर काही तक्रार नव्हती.

दिवे गेले आणि बोक्या मधेच थांबायला लागला...

मामीकडे तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा टॉर्च होता. पायापुरता उजेड. त्या उजेडाच्या जरासं पलीकडे बोक्या बघत राहायचा. मानेवरचे केस उभे. घशातून बारीक गुरगुर.

मामी बघायची. तिथे काहीच नसायचं.

एका रात्री त्याने असा हिसका दिला की मामी खणलेल्या मातीवर पडली. उजवं मनगट मुरगळलं. कात्री धरता येईना. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच परत करावे लागले.

मामाचा पारा चढला.

"म्हातारचळ लागलाय त्याला! डॉक्टरच म्हणाले ना, या वयात कुत्र्यांना भास होतात? अजून एकदा पाडलं ना तुला, तर मी त्याला इंजेक्शन द्यायला सांगणार. त्याचीही सुटका आणि आपलीही."

"अहो, काहीतरीच काय बोलता! त्याला नीट दिसत नाही म्हणून बिचकतो तो. चांगला टॉर्च आणला की थांबेल."

"आण मग. पण हे शेवटचं."

मामा बोलतो तसं करतो, हे मामीला ठाऊक होतं. म्हणजे आता बोक्याचा जीव एका टॉर्चवर होता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सगळे वॉरंटीकाका म्हणतात. कुठल्याही वस्तूची वॉरंटी विचारली की ते छातीवर हात ठेवून म्हणतात, "मी आहे ना!" वस्तू बिघडली की मात्र ते नसतात. त्यांनी काउंटरवर टॉर्च मांडले.

"वहिनी, हा झूमवाला घ्या. डोकं पुढे ओढलं की झोत लांब जातो. मागे ढकललं की जवळच, पण रुंद पडतो. कुत्र्याला फिरवायला एक नंबर."

मामीने घेतला.

त्या रात्री तिने झोत रुंद ठेवला. बोक्या चार पावलं चालला आणि थांबला. उजेडाच्या कडेच्या पलीकडे बघत गुरगुरू लागला.

मामीने टॉर्चचं डोकं पुढे ओढलं. झोत लांब गेला, छापखान्याच्या दारापर्यंत.

बोक्याची मानही वर झाली... आता तो छापखान्याच्या दारापलीकडे बघत होता.

मामीने झोत पुन्हा जवळ आणला.

बोक्याची नजरही जवळ आली...

लांब. जवळ. लांब.

दर वेळी त्याची नजर उजेड संपतो तिथे जायची. उजेडात तो बघतच नव्हता. जे काही होतं, ते कडेच्या पलीकडे उभं होतं, आणि कड सरकली की तेही सरकत होतं.

 पण मामीने स्वतःची समजूत घातली. कुत्री उजेडाच्या ठिपक्यामागे लागतातच की! घरी येऊन तिने दिवाणखान्याच्या भिंतीवर ठिपका नाचवून पाहिला.

बोक्याने एक डोळा उघडला, आणि तिला वेड लागल्यासारखं तिच्याकडे बघून मिटून घेतला.

मामाला यातलं काही सांगायची सोय नव्हती. त्याने बोक्यालाच नाही, हिलाही डॉक्टरकडे नेलं असतं. दुसऱ्या दिवशी मामी पुन्हा दुकानात गेली.

"सगळ्यात मोठा द्या. गल्लीत अंधार उरता कामा नये."

"वहिनी, कुत्रा फिरवताय की चोर पकडताय?" असं म्हणत वॉरंटीकाकांनी वरच्या फळीवरून एक धूड काढलं. वर धरायला मूठ, आणि काच जेवणाच्या ताटलीएवढी. "हा लावा. बघा, रात्रीचा दिवस होतो की नाही."

खरोखर तसंच झालं. टॉर्च लावला आणि गल्ली शेवटपर्यंत उजळली. गोदामाच्या भिंतीतली वीट न् वीट दिसत होती. उजेड भिंतीवर जाऊन आपटत होता. त्यापलीकडे काही उभं राहायला जागाच नव्हती.

बोक्या शेपूट वर करून चालत गेला, भिंतीपाशी पाय वर केला आणि परत आला.

मामीला रडू फुटलं. आनंदाने. काही रात्री अशाच सुखाच्या गेल्या. मामाही जेवताना म्हणाला, "टॉर्चचाच घोळ होता म्हणायचं." इंजेक्शनचं नाव त्याने काढलं नाही.

मग ती रात्र आली.

मामी भिंतीपर्यंत पोचली होती. समोर लख्ख उजेड. बोक्याचं उरकलं होतं. तो वळला... आणि थबकला.

समोर नाही.

तो मामीकडे बघत होता.

नाही, मामीकडेही नाही... तिच्या खांद्याच्या मागे.

मामी सांगते, तेव्हा तिला एक साधी गोष्ट पहिल्यांदा कळली. टॉर्च फक्त पुढे उजेड पाडतो. तो कितीही मोठा घ्या, धरणाऱ्याच्या पाठीशी अंधारच असतो. समोरची कड तिने भिंतीला नेऊन भिडवली होती. समोर त्याला जागा उरली नव्हती.

मग ते उभं कुठे राहणार?

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आवाज नाहीये...

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे. गाड्यांची घरघर इथवर ऐकू येते, नेहमीच येते. ती थांबली होती. आपल्याशी बोलणाऱ्याच्या आणि आपल्या मधे कोणी येऊन उभं राहिलं की आवाज कसा अडतो? तसा अडला होता.

मानेला गार लागलं.

मामी गर्रकन वळली. उजेडही वळला. गल्ली रिकामी. पार तोंडापर्यंत रिकामी.

पण बोक्याही वळला होता. आता तो गोदामाच्या बाजूला बघत होता... पुन्हा तिच्या पाठीमागे.

ती पुन्हा वळली. बोक्या पुन्हा वळला. ती वळेल तसा तो तिच्याभोवती फिरू लागला, तिच्या आणि त्या अंधाराच्या मधे यायला धडपडू लागला, आणि साखळी तिच्या पायांना गुंडाळली गेली. एक वेढा. दुसरा. तोल जायला लागला.

भीतीने जीव अर्धा झाला होता. तरी त्या क्षणी मामीच्या मनात आलं ते एवढंच... आता मी पडले, तर बोक्या गेला.

आणि तिने टॉर्च बंद केला.

मिट्ट काळोख.

बोक्याची गुरगुर थांबली. साखळी सैल पडली. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली, जणू मधून कोणी बाजूला झालं.

उजेडच नाही, तर कड कुठली? मामीने पायातली साखळी सोडवली, एक हात भिंतीवर ठेवला आणि चाचपडत घरी आली.

त्यानंतर ती टॉर्चशिवाय जाऊ लागली. बोक्या गाईसारखा शांत चालायचा. अखेर मामाने विचारलं, एवढा महागाचा टॉर्च धूळ का खातोय. मग मामीने सगळं सांगितलं.

मामा पोट धरधरून हसला.

"अगं, कुत्र्याला म्हातारचळ लागलाय, तुला कशाला लागायला हवा? चल, आज मी येतो."

"या. पण फोन घरी ठेवा."

"आणि लिफ्टमधे कोणी अडकलं तर? माझी आजी उत्तर देणार?"

फोन खिशात राहिला.

तिघं अंधारात निघाले. मामी, मामा आणि मधे बोक्या. मामा शीळ घालत होता. छापखान्याच्या दारापाशी आले आणि फोन वाजला.

मामी ओरडली, "नको!"

मामाने तोवर फोन कानाला लावलासुद्धा.

फोनचा उजेड तो केवढा! मामाचं नाक, चष्मा आणि अर्धा गाल. जेमतेम वीतभर. त्यापलीकडे सगळा काळोख.

"हॅलो," मामा म्हणाला...

आणि पुढे बोललाच नाही.

मामीने बोक्याकडे पाहिलं. बोक्या मान वर करून बघत होता. मामाच्या चेहऱ्याकडे नाही... चेहऱ्याच्या अगदी शेजारी. जिथे तो वीतभर उजेड संपत होता.

या वेळी तो गुरगुरला नाही. शेपूट पायांत घालून, जमिनीला पोट टेकवून, थरथरत होता.

फोनमधून माणूस बोलत होता. "हॅलो? साहेब? तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय... हॅलो?"

मामाची मान हलली नाही. फक्त डोळे... हळूहळू बाजूला सरकले. मग त्याने फोन छातीशी दाबून धरला. अंधार झाला.

 घराच्या पायरीशी येईपर्यंत मामाने मामीचा हात सोडला नव्हता. मुरगळलेल्या मनगटाचाच हात होता तो. तिनेही सोडवून घेतला नाही.

लिफ्टवर त्या रात्री मामाने दुसऱ्या माणसाला पाठवलं.

सकाळी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "त्या इंजेक्शनचं आपल्या घरात कोणी नाव काढायचं नाही."

मी नंतर मामाला खोदून खोदून विचारलं. काय दिसलं तुला?

"काही नाही."

"मग घाबरलास कशाला?"

त्याने कानावरून हात फिरवला. मग म्हणाला, "काही दिसलं नाही गं. पण माझ्या कानाशी कोणीतरी त्या फोनवरचं ऐकत होतं."

मी हसायचं थांबवलं ते तिथे.

आणि परवा मी त्यांच्याच घरी होते. आम्ही जेवायला बसणार, तोच वीज गेली. जुन्या सवयीने मामीने टेबलावर मेणबत्ती लावली. लहानशी ज्योत. टेबलापुरता उजेड. आमच्या खुर्च्यांच्या पाठी अंधारात.

बोक्या कोपऱ्यात झोपला होता. त्याने डोळे उघडले. हळूच उठला... आणि माझ्या खुर्चीकडे बघू लागला.

माझ्याकडे नाही.

मी मान वळवणार तेवढ्यात मामाने फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"बसून राहा," तो म्हणाला. "काही होत नाही. बसून राहा."

आम्ही अंधारात बसलो. बोक्या मामाच्या पायाशी आला असावा, कारण त्याच्या पाठीवरून हात फिरवल्याचा आवाज येत होता. मामा मधूनमधून सांगत होता, "शांत आहे. आता शांत आहे तो." वीज येईपर्यंत आम्हाला तेवढीच एक खबर होती, आणि ती बोक्याकडून येत होती.

त्या रात्रीपासून मी घरातले सगळे दिवे लावून झोपते. तरी पलंगाखाली उजेड पोचत नाही, हे लक्षात आहे माझ्या.

बोक्याचं आता खरं नाही. खाणं कमी झालंय, मागचे पाय साथ देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही थंडी तो काढेल असं वाटत नाही.

मामाने काल दोन दिवसांची रजा टाकली, आणि त्याला उचलून गाडीत घालून दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.