सातव्या क्रमांकाचे आठ आकडे

अकरा संगणक, दोन प्रिंटर, एक तपासणी यंत्र, एक जुना सर्व्हर आणि त्याच्या शेजारी आठ दिवसांपूर्वी बसवलेला नवा. पाण्याचे नमुने घ्यायच्या जागा चौदा: नऊ नळ, चार टाक्या, एक विहीर. रोज प्रत्येक जागेचा क्रोमियमचा एक आकडा. आठ दिवसांचे एकशे बारा.

एकशे चार जुळत होते. आठ जुळत नव्हते.

नेटवर्कवालीने तक्ता पुन्हा वरपासून तपासला. पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत तिला सगळे त्याच नावाने हाक मारत. इथलं सगळं जाळं अण्णांनी वीस वर्षं एकट्याने जोडत आणलं होतं. चार महिन्यांपूर्वी ते वारले आणि जाळं तिच्या गळ्यात पडलं. जुन्या सर्व्हरची कार्यप्रणाली कालबाह्य झाली होती. सगळं काम वेगळ्या कार्यप्रणालीवर न्यायचं होतं. खात्रीसाठी तिने आठ दिवस दोन्ही सर्व्हर एकदम चालवले. यंत्रातून निघणारा प्रत्येक आकडा दोघांकडे स्वतंत्रपणे जात होता.

न जुळणारे आठही आकडे जागा क्रमांक सातचे होते. आज जुन्या सर्व्हरवर ०.०४१. नव्यावर ०.४१. काल ०.०३८ आणि ०.३८. रोज बरोबर दहावा हिस्सा.

पिण्याच्या पाण्यात चालणारी मर्यादा ०.०५ होती.

नमुने आणणारे दादा बाटल्यांचा क्रेट ठेवत होते.

“दादा, सात नंबर म्हणजे आपल्या आवारातली विहीर ना?”

“हो. आधी बारा होती. मागच्या महिन्यात मॅडमनी सगळे नंबर फिरवले. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.”

“तिचं पाणी कोण पितं?”

“आमची मागच्या खोल्यांतली चार बिऱ्हाडं. का?” दादा हसले. “बायकोच्या हातांना दोन महिने जखमा आहेत. भरतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाणी तपासून घ्या. म्हटलं, अहो, तपासणाऱ्यांच्याच दारात राहतो आम्ही!”

ती हसली नाही.

“घरी फोन करा. चारही घरांत ते पाणी आत्ता बंद. कारण मी चार वाजता सांगते.”

दादांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

रसायनं सांभाळणाऱ्या मॅडम यंत्रापाशी होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपातून दोन ग्लास भरले, एक तिच्यापुढे सरकवला.

“घे. घसा कोरडा पडलाय तुझा.”

तिने अर्धा ग्लास पिऊन टेबलावर ठेवला. “मॅडम, आकडा तुम्ही कुठे वाचता?”

“सर्व्हरवर. यंत्राचा पडदा फुटून दोन महिने झाले. दुरुस्तीचा अर्ज सरांच्या टेबलावर धूळ खातोय.”

“एका नमुन्यात फरक येतोय.”

“कुठल्या? किती?”

“बघतेय अजून. जुन्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाकडे आहे?”

“कोणाकडे नाही ते विचार. अण्णांचाच वापरतो सगळे. दारामागच्या खिळ्यावर किल्ली असावी तसा.”

प्रयोगशाळेचे प्रमुख आपल्या खोलीत घरून आणलेल्या बाटलीतून पाणी पीत होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत.

“सर, एका नमुन्यात फरक येतोय.”

“विहिरीचं पाणी, चालायचंच. आज गढूळ, उद्या स्वच्छ.” त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “आणि दोन सर्व्हर एकदम चालवायचा खटाटोप सांगितला कोणी? जुनं आहे तसं उचलायचं, नव्यात ठेवायचं, मोकळं व्हायचं.”

“हो सर.”

ती बाहेर आली. दारात क्षणभर थांबली. मग जुन्या सर्व्हरसमोर जाऊन बसली.

दीड तासाने तिला ते सापडलं. पाच ओळींची एक आज्ञा. यंत्राकडून आकडा आला की जागी व्हायची, क्रमांक सात शोधायची, आकड्याला दहाने भागायची आणि पुन्हा झोपायची. मालकाचं नाव: अण्णा.

नंतर ती इमारतीमागे गेली. क्रोमियम असलेल्या टाकाऊ रसायनांची टाकी तिथे जमिनीत पुरलेली होती. कडेच्या मातीवर नारिंगी डाग होता, ओला. झाकणाला लटकलेल्या कार्डावर दर महिन्याला तीच नोंद होती, ‘तपासली, गळती नाही’, आणि तीच सही. तिथून विहिरीपर्यंत तिने पावलं मोजली. त्रेचाळीस.

चार वाजता यंत्राच्या खोलीत तिघेही आले. दादा दाराशीच उभे राहिले.

तिने सगळं सांगितलं. आकडे, आज्ञा, टाकी.

“म्हणजे अण्णांनी...” मॅडम म्हणाल्या.

“तसं दिसावं म्हणूनच त्यांचं नाव आहे. पण आज्ञा सात नंबर शोधते, मॅडम. विहिरीला सात नंबर तुम्ही दिलात, मागच्या महिन्यात. तेव्हा अण्णा नव्हते.”

“मग नंबर मीच फिरवले! पासवर्डही आहे माझ्याकडे. माझ्यावर संशय नाही आला?”

“आला. म्हणून दोघांना एकच वाक्य बोलले. एका नमुन्यात फरक येतोय. चौदा जागा आहेत. तुम्ही विचारलंत, कुठल्या? सर म्हणाले, विहिरीचं पाणी. विहीर चौदात एकच आहे, आणि मी तिचं नाव काढलं नव्हतं.”

ती सरांकडे वळली.

“पडदा फुटला, अर्ज अडकला, त्यामुळे खरा आकडा कुणालाच दिसत नव्हता. टाकीच्या कार्डावर सही सरांची. आणि जुनं आहे तसं उचललं असतं तर नव्या सर्व्हरकडे भागलेलेच आकडे आले असते. त्यांना वाटलं, यंत्र जुन्याशी बोलतं आणि जुना नव्याशी. पण यंत्र दोघांशी बोलत होतं, आणि ती आज्ञा फक्त जुन्यावर होती.”

“गळती कळवली असती तर प्रयोगशाळेची मान्यता गेली असती,” सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. “तुमच्या सगळ्यांच्याच नोकऱ्या. टाकी मी सुट्टीत बदलून घेणार होतो. काही दिवसांचा प्रश्न होता.”

“काही दिवसांचा?” दादा पुढे आले. “माझी बायको दोन महिने पदरात हात लपवून बसतेय, सर. पीठ मळता येत नाही तिला. रोज सकाळी त्या विहिरीच्या नमुन्याची बाटली मीच इथे आणून देत होतो. माझ्या या हातांनी.”

सरांनी सवयीने आपली पाण्याची बाटली उघडली, आणि तशीच हातात धरली.

नेटवर्कवाली त्या बाटलीकडे बघत राहिली. “घरून पाणी कधीपासून आणता, सर?”

उत्तर मॅडमनी दिलं. “दोन महिने झाले असतील.”

“दादा,” तिने हळूच विचारलं, “इथलं पिंप कोण भरतं?”

“मीच. रोज सकाळी.”

“कशातून?”

दादांनी विहिरीच्या दिशेने बोट दाखवलं. मॅडमनी टेबलावरचा अर्धा ग्लास उचलला. नमुना त्यांनी नीट मोजून यंत्रात सोडला. सहा मिनिटं लागली. आकडा थेट नव्या सर्व्हरवर उमटला.

क्रोमियम: ०.४० मिलिग्रॅम प्रति लिटर.