इरावतीची खोली

गौरव, कोळशावर पाणी नको ओतूस एवढ्यात. राहू दे थोडी धग. डिसेंबरात झल्लाकच्या किनाऱ्यावर वारा अंगाला झोंबतो, आणि बायकांची भांडी आवरून व्हायला अजून वेळ आहे. ये, बस. कश्मिरा, तू मघाशी विचारलंस ना, पांडुरंगकाका, तुम्ही बहारीनमध्ये एवढ्या बिल्डिंगी उभ्या केल्यात, मग स्वतः अजून भाड्याच्या घरात का? सांगतो. पण मध्ये हसायचं नाही.

ही गोष्ट माझी नाही, जयप्रकाश मोकाशीची आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. पुण्याचा सिव्हिल इंजिनियर. आम्ही इथे एकाच कंपनीत लागलो, तो साईट इंजिनियर, मी फोरमन. चारचौघांत मी त्याला साहेब म्हणायचो, खोलीवर आल्यावर जयप्रकाश. हुशार माणूस. नोकरीत रमणारा नव्हता. आधी माहूजमधला एक जुना ब्लॉक घेऊन दुरुस्त केला, विकला. मग दुसरा. मग इथला एक भागीदार धरून स्वतःची कंपनी काढली आणि मला म्हणाला, "पांडुरंग, आता लोकांच्या बिल्डिंगी पुरे. आपली बांधू."

घर विकायची त्याची एक पद्धत होती. नकाशा दाखवायचा नाही. गिऱ्हाईकाला उघड्या वाळूवर न्यायचा आणि बुटाच्या टाचेने रेघा ओढायचा. हे तुमचं किचन. इथे देवघर. इथे तुम्ही संध्याकाळी चहा घेत बसणार. अरे, ऐकता ऐकता लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं! मी स्वतः पाहिलंय.

जुफैरच्या पुढे समुद्र बुजवून जमीन केली आहे, आपल्यासारख्या परदेशी माणसालाही तिथे घर घेता येतं. तिथे त्याने नऊ मजली बिल्डिंग काढली. घरं भराभर गेली. आणि पाचवा स्लॅब पडतो न पडतो तोच कोरोना आला. भागीदाराने हात वर केले. मजूर गावाला गेले ते परतलेच नाहीत. सांगाडा उभा राहिला, आणि लोक ऑफिसात येऊन बसायला लागले. जयप्रकाश प्रत्येकाला एकच सांगायचा, "इंशाल्ला, दिवाळीपर्यंत नक्की." एक दिवाळी गेली. दुसरी गेली. लोक ओरडायचे, शिव्या द्यायचे. एक बाई तर त्याच्या पाया पडली होती. तो घरी जाऊन जेवायचा नाही.

त्या लोकांत परीक्षित नावाचा एक मुलगा होता. साताऱ्याचा, अकाउंटंट. बायको मनाली, आणि पाच वर्षांची इरावती. तो कधी ओरडला नाही. जे होतं ते सगळं त्याने त्या घरात घातलं होतं, म्हणून चांगला फ्लॅट सोडून उम्म अल हस्समच्या एका जुनाट इमारतीत दोन खोल्यांत येऊन राहिला होता. घर होईपर्यंत काढू कसंबसं, म्हणायचा. त्या खोल्यांतला एसी जुना. मे महिन्यात एका रात्री त्याने पेट घेतला. आग मोठी नव्हती. धूर... झोपेतच गेले. तिघंही.

त्यांना गावी पाठवायला मी आणि जयप्रकाश एअरपोर्टच्या कार्गोला उभे होतो. तीन पेट्या. त्यातली एक लहान.

 परतताना गाडीत, माहूजचा सिग्नल आला तेव्हा जयप्रकाश म्हणाला, "पांडुरंग, घर वेळेवर झालं असतं तर ते त्या रात्री तिथे नसते." 

आता नीट ऐका. दोन हजार बावीस साल. सव्वीस ऑगस्ट, शुक्रवार. पिठोरी अमावास्या. यासीन म्हणून एक मोठा व्यापारी बिल्डिंग ताब्यात घेऊन पुरी करायला तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साईट बघायला येणार होता. जयप्रकाशला तेवढी एकच आशा उरली होती. त्याच्या बायकोने, सुरेखावहिनींनी, घरी पिठोरी मांडली होती. तो त्यांना म्हणाला, "तळमजल्याचे दिवे लागतात का, पाणी साचलंय का, एवढं बघून येतो. अर्ध्या तासात आलोच. नैवेद्याला थांब."

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. जसं सांगितलं तसंच सांगतो.

सूर्य मावळून मगरिबची बांग होऊन गेली होती. ऑगस्टमधली इथली हवा तुम्हाला माहीतच आहे, गरम ओलं फडकं तोंडावर टाकल्यासारखी. फाटकाला साखळी नुसतीच लटकत होती. वॉचमन पगार नाही म्हणून कधीच निघून गेला होता. जनरेटरमध्ये डिझेल नाही. याने मोबाईलचा टॉर्च लावला. तळमजला कोरडा होता. बरं वाटलं त्याला. निघणारच होता.

वरून पावलांचा आवाज आला. लहान मुलं अनवाणी धावतात ना घरात, तसा.

त्याला वाटलं, कोणी मजूर बिऱ्हाड घेऊन घुसलंय. सकाळी यासीनने पाहिलं तर संपलंच. म्हणून तो जिना चढायला लागला. कठडा नाही, उघडा जिना. दुसरा मजला. तिसरा. तिथे तो थांबला. वर कुणीतरी बाई बोलत होती. मराठीत.

"अतीत कोण?"

कश्मिरा, तुझी आई करते का पिठोरी? मग तुला ठाऊक असेल. आई नैवेद्याचं ताट डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते, अतीत कोण. मागे उभ्या असलेल्या मुलाने आपलं नाव सांगायचं, आणि ताट घ्यायचं. लेकराला आयुष्य मिळावं म्हणून.

 वरून पुन्हा, "अतीत कोण?"

आणि लहान आवाज. "मी. इरावती."

जयप्रकाशने टॉर्च वर धरला. उलटं फिरून पळावं, एवढं सुद्धा सुचलं नाही त्याला. तेवढ्यात वरून पुरुषाचा आवाज आला, अगदी साधा.

"मोकाशीसाहेब का? या ना. बूट तिथेच काढा."

आणि जयप्रकाशने बूट काढले.

का काढले, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. दोन वर्षं लोकांसमोर मान खाली घालून त्याला सवय झाली होती. चौथ्या मजल्यावर दार नव्हतं, भिंत नव्हती. नुसते खांब. पलीकडे काळं पाणी. टॉर्चमध्ये माणूस दिसेना. पण तोंडातून सवयीने निघून गेलं, "परीक्षित, इंशाल्ला, दिवाळीपर्यंत नक्की..."

"घाई नाही साहेब. आम्ही आलो राहायला."

तेव्हा त्याला कार्गो आठवला. ती लहान पेटी आठवली.

 जिथे किचन व्हायचं होतं, तिकडून मनालीचा आवाज आला, "अहो, त्यांना बसा तरी म्हणा."  वारा पडलेला.

मग त्याच्या कमरेच्या खालून, अगदी जवळून...

"अंकल, व्हेअर इज माय रूम?"

त्याने टॉर्च खाली वळवला, तर नुसतं सिमेंट.

"तुम्ही सांगितलं होतं ना. विंडोतून सी दिसेल. बाबा म्हणतात, अंकल दाखवतील."

त्यानेच सांगितलं होतं. वाळूत टाचेने रेघ ओढून, तिला त्या चौकोनात उभं करून.

पावलं वाजली. पुढे, कोपऱ्याकडे. तो त्या पावलांमागे निघाला. जायचं नव्हतं, तरी निघाला. पुढून हाक येत होती. "या ना. इकडे... इकडे..."

पोरांनो, त्या कोपऱ्यात स्लॅबच नव्हता. माल वर ओढायला तेवढी जागा मोकळी सोडली होती, नंतर भरू म्हणून. नुसत्या सळया बाहेर आलेल्या. खाली चार मजले पोकळी. मी माझ्या हाताने तिथे फळी ठोकली होती, ती कुणीतरी काढून नेलेली.

त्याच्या अंगठ्याला सळई टोचली. पायात बूट असते तर कळलंही नसतं.

तो थांबला. टॉर्च पुढे धरला. पुढे काही नाही. हवा. आणि त्या हवेतून, समोरून, त्याच्याच पातळीवरून...

"अंकल, या ना."

मला म्हणाला, पांडुरंग, खोटं नाही सांगत. क्षणभर वाटलं, जावं. सगळं मिटेल. ऑफिसात येणारी माणसं, फोन, दिवाळी... एकच पाऊल. सुरेखाचा चेहरा सुद्धा आठवेना.

त्याने एक पाय उचलला होता.

मग तो मटकन खाली बसला. शेजारच्या खांबाला मिठी मारली. आणि जे दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघालं.

"बाळा, ती खोली नाहीये. मी बांधलीच नाही. माझ्याच्याने होणार नाही आता."



मग...

"मग मी कुठे झोपू?"

...

इकडे माहूजला घरी वहिनी नैवेद्य घेऊन थांबल्या होत्या. फोन वाजतोय, कोणी उचलत नाही. त्यांनी मला कळवलं. मी तसाच निघालो. फाटकाशी त्याची गाडी दिसली. हाका मारत वर चढलो. चौथ्या मजल्याच्या तोंडाशी त्याचे बूट होते, नीट जोडीने ठेवलेले.

तो खांबाला टेकून मांडी घालून बसला होता. डोळे उघडे. उजवा हात शेजारच्या मोकळ्या जमिनीवर, खाली-वर... खाली-वर... मूल थोपटतात तसा.

मी म्हटलं, "जयप्रकाश!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच झोपलीय."

कसा खाली आणला, माझं मला माहीत. वहिनी त्याला बघून रडल्या नाहीत, नुसत्या त्याचे पाय पुसत बसल्या. सकाळी यासीन आला. मी हात जोडून सांगितलं होतं, साहेब, तुम्ही गप्प राहा, मी बोलतो. पण जयप्रकाशने त्याला थेट सांगितलं, बिल्डिंग घ्या, फक्त चौथ्या मजल्याला हात लावू नका, तिथे लोक राहतात. यासीन त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. "खलास," म्हणाला, आणि गाडीत बसला. तो परत आला नाही. त्याच्यानंतर दुसरं कोणी आलं नाही. वहिनी जयप्रकाशला घेऊन पुण्याला गेल्या. तिथे भावाकडे असतो. त्याला विचारलं, कसा आहेस, तर म्हणतो, जरा हळू बोल.

त्या लोकांची घरं? मफी. काही नाही. केस चालू आहे. सांगाडा तसाच उभा आहे. बँकेने भोवती पत्रे ठोकलेत, आणि देखरेखीला मला ठेवलंय. किल्ली माझ्याकडेच असते. अधूनमधून एक चक्कर मारतो. दिवसाउजेडी, बरं का. आता कळलं कश्मिरा, मी स्वतःचं घर का घेत नाही?

काय? नाही गौरव, मी तिथे काही पाहिलं नाही. आवाज नाही, काही नाही.

फक्त तो खांब आहे ना, ज्याला जयप्रकाश टेकला होता. त्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे. माझ्या कमरेच्या जरा वर. मुलांची उंची मोजताना आपण भिंतीवर ओढतो ना, तशी. पुढच्या वर्षी पाहिलं, तर तिच्यावर चार बोटं सोडून दुसरी. मग तिसरी.

गेल्या आठवड्यात गेलो होतो. आणखी एक आहे. इथे... माझ्या छातीपाशी.

जवळ जाऊन बघितली. पेन्सिलीची काळी भुकटी अजून खांबाला चिकटलेली होती. मी फुंकर मारली...

उडाली.