दोन्हीकडचा अबोला

डॉ. यास्मिन मुजावर यांना त्या दिवशी जेवायला चार वाजले, आणि तेही जेवण सुखासुखी मिळालं नाही. पहिला घास तोंडात जातोय तोवर विलंबसेतू प्रयोगशाळेचं दार धाडकन उघडलं आणि शर्मिष्ठा कारखानीस आत आल्या. चपला बाहेर काढायचंही त्यांना भान नव्हतं.

"यास्मिन, हे आधी वाच. जेवण कुठे पळून जात नाही."

शर्मिष्ठाताई मिरजेच्या दूरशाळेत भूगोल शिकवायच्या. दूरशाळेचे शिक्षक मिरजेत आणि मुलं मंगळावरच्या वसाहतीत, आपापल्या घरी पडद्यासमोर. दर शनिवारी निघणारी 'शाळावार्ता'ही ताईच काढत. कुणाला विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं, कुणाकडे बारसं झालं, कुणाची पृथ्वीवरची आजी न्हाणीघरात घसरून पडली, सगळं त्यात यायचं. शेवटच्या पानावर प्रत्येक घराच्या नावापुढे 'कुटुंबस्वास्थ्य' असा एक रकाना असे. पृथ्वी आणि मंगळ जोडणाऱ्या या सेतूवर झालेल्या बोलण्यांवरून यंत्र तो आपणहून भरायचं, आणि गेली दोन वर्षं त्यात झाडून सगळ्या घरांपुढे 'उत्तम' येत होतं. झाडून सगळी घरं उत्तम असलेली आळी कुणी पाहिली आहे का? पण दुरून डोंगर साजरे, आणि मंगळावरचे डोंगर तर भलतेच मोठे. कुणाला शंका आली नाही.

यास्मिनने हात पुसला आणि उद्याच्या अंकाचा मसुदा समोर घेतला. पहिली बातमी शर्मिष्ठाताईंनीच लिहिलेली होती: 'दहावीची विद्यार्थिनी ऋजुता कारखानीस परतीच्या यानाने पृथ्वीवर येत असून अकरावीला मिरजेत प्रवेश घेणार आहे.' तिच्याखाली थोड्या वेळापूर्वी मंगळावरून आलेली दुसरी बातमी होती: 'ऋजुताच्या आईने मोठ्या मनाने परवानगी दिल्यामुळे ऋजुता अकरावीसाठी इथेच राहत आहे. आभार. निशिकांत कारखानीस, पाणीपुरवठा विभाग.'

निशिकांत हा शर्मिष्ठाताईंचा नवरा आणि ऋजुता त्यांची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिघं मिळून जायचं ठरलं होतं. उड्डाणाच्या चाचणीत ताईंचं हृदय नापास झालं आणि बापलेक पुढे गेले. दहावी झाली की पोर परत येईल, या एका बोलीवर ताईंनी तिला सोडलं होतं.

"मी कसली परवानगी दिलीय?" ताईंचा आवाज चढला होता. "मी आठवडाभर तिच्याशी बोललेलेच नाही!"

"बोलला नाहीत म्हणजे?"

"अबोला धरलाय."

यास्मिनने डब्याला झाकण लावलं. जेवण संपलं हे तिला कळलं.

"यानाची यादी कधी बंद होते, ताई?"

"आज पाचला. ऋजूने स्वतःच्या आवाजात संमती द्यायला हवी. हे यान गेलं तर पुढचं सव्वादोन वर्षांनी." ताई खुर्चीत बसल्या आणि लगेच उठल्या. "पडद्यावर ती मला म्हणाली होती गं, 'आई, तू म्हणशील तसं. मी येते.' माझ्या या कानांनी ऐकलंय."

"सेतू कसा चालतो ते माहितेय ना तुम्हाला?"

"वरवर. प्रकाशाला मंगळापर्यंत जायला सध्या पाव तास लागतो, एवढं मी मुलांना शिकवते. तुझ्या सेतूमुळे तो पाव तास जाणवत नाही."

"जाणवत नाही, कारण लगेच उत्तर देते ती ऋजू नसतेच. ते तिचं प्रतिरूप. तिच्या आजवरच्या बोलण्यावरून सेतू अंदाज बांधतो की ती आता काय म्हणेल, आणि तेच तिच्या तोंडून म्हणवतो. खरी ऋजू काय बोलली ते मागून येतं. मतलब तोच असला तर आम्ही काही करत नाही. वेगळा असला तर पडद्याची चौकट पिवळी होते आणि दुरुस्ती होते. तिकडे तुमचंही असंच प्रतिरूप बसवलंय."

"आणि माणूस काही बोललाच नाही तर?"

यास्मिनने डबा बाजूला सारला. "तर दुरुस्त करायला काही येतच नाही. अंदाज तसाच पुढे चालतो."

"मौनं संमतिलक्षणम्! हे शिकवलंत होय यंत्राला?"

"अहो, पहिल्या वर्षी माणूस गप्प बसला की चित्र गोठायचं. बायका रडत फोन करायच्या, आमचा माणूस गेला की काय म्हणून. आणि घरात माणसं गप्प असतातच की, ताई. कुणी भाजी निवडतंय, कुणी गणितं सोडवतंय. म्हणून ठरवलं, गप्प म्हणजे ठीक चाललंय."

"ठीक! आमच्या घरात गप्प म्हणजे आग लागलेली असते."

अबोला म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आई किंवा बहीण आहे त्याला समजावून सांगायला नको. दारं आपटायची नाहीत, शब्द काढायचा नाही, भांडी मात्र एरवीपेक्षा जरा जोरात ठेवायची. आणि अबोल्याला समोर माणूस लागतं. त्याला तो कळायला हवा, त्याचा जीव कासावीस व्हायला हवा, मग त्याने 'चहा टाकू का' असं विचारत यायला हवं. समोरच्याला कळलाच नाही, तर तो अबोला कसला? ताईंचा घसा बसला असता तरी तेवढाच परिणाम झाला असता.

भांडण साधंच होतं. ऋजू म्हणाली, "मला नाही यायचं, माझं सगळं इथे आहे." ताई म्हणाल्या, "आणि मी कुठे आहे?" तिथून पुढे ताई रोज ठरल्या वेळी पडद्यासमोर बसायच्या आणि ओठ मिटून वह्या तपासायच्या. पडद्यावरची ऋजू गोड बोलत राहिली आणि पाचव्या दिवशी नमली. ताईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. तरी त्या बोलल्या नाहीत. इतक्या लवकर विरघळलं तर पोर पुन्हा डोक्यावर बसेल, अजून दोन दिवस ताणू, असा त्यांचा हिशेब होता.

"पण प्रतिरूप नमलं का?" त्यांनी विचारलं. "माझी पोरगी इतकी सरळ नाही."

यास्मिन पडद्यावर आकडे चाळत होती. "तुमच्या घरातली जुनी बोलणी बघून ते शिकलंय. मागचे सगळे अबोले त्यात आहेत. कधी ऋजू नमली, कधी तुम्ही. पण एक गोष्ट दर वेळी तीच आहे. गप्प बसणारी जिंकते आणि बोलायला येणारी नमते. इथे गप्प तुम्ही होता, म्हणून ऋजूचं प्रतिरूप नमलं."

"मग तिकडे माझं का नमलं?"

यास्मिनने ऋजूच्या बाजूचे आकडे समोर आणले. ताईंना उत्तर आपोआप सापडलं आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"तिनेही अबोला धरलाय?"

"तुमचीच लेक की ताई."

यास्मिनने मंगळावरून आलेलं मूळ चित्रण लावलं. सेतूने हात न लावलेलं, जसंच्या तसं. ऋजू टेबलापाशी बसली होती. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले, हातात पेन्सिल. थेट आईची नक्कल. एकेक दिवस पुढे सरकत होता आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. तिच्या समोरच्या पडद्यावर हुबेहूब शर्मिष्ठाताई होत्या, आणि त्या काय बोलतात ते आता इकडे ऐकू येत होतं.

"बाई गं, होऊ दे तुझ्या मनासारखं," त्या ताई म्हणाल्या. "राहा तिथे. मी नाही रागावले."

ऋजूने मान वर केली. पेन्सिल खाली गडगडत गेली, ती तिने उचलली नाही. ती हसली. मग बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा हसली, आणि बोलली मात्र नाही, कारण तीही आईसारखीच दोन दिवस ताणणार होती.

शर्मिष्ठाताई टक लावून बघत राहिल्या. तीन वर्षांत पोर आपल्याकडे बघून अशी हसली नव्हती. त्यांना त्या पडद्यावरच्या बाईचा हेवा वाटला. लाजही वाटली, कारण त्या बाईने पोरीला जे दिलं ते द्यायला काही खर्च नव्हता.

"सेतू मधून काढ," त्या म्हणाल्या. "मला तिच्याशी थेट बोलायचंय."

"आत्ता बोललात तर पावणेपाचला पोचेल. यादी बंद व्हायच्या आत. पण काय सांगायचं ते नीट ठरवा, ताई. थेट गेलेला शब्द मागे घेता येत नाही."

'मुकाट्याने ये' असं सांगायचं म्हणूनच ताई जिना धावत चढून आल्या होत्या. त्यांनी ध्वनिग्राहक हातात घेतला आणि दोनदा घसा साफ केला.

"ऋजू, मी आई. खरी आई. ती परवानगी मी दिली नव्हती गं, मशीनने दिली. मी तुझ्यावर रुसले होते आणि तुला ते कळलंच नाही. पण आत्ता तुला हसताना बघितलं. राहा, बाळा. तुला तिथे राहायचंय ना, राहा. आता हे मी म्हणतेय."

साडेचार वाजले होते. निरोप निघाला. यास्मिनने चहा मागवला आणि ताईंनी तो तसाच गार होऊ दिला. त्या रडल्या नाहीत, पण बोटातली अंगठी सारखी फिरवत होत्या. यास्मिनसमोर उद्याचा अंक उघडाच होता. शेवटच्या पानावरची 'उत्तम' घरं एकेक करून उघडून बघावीत असं तिला वाटत होतं, आणि तिला भीतीही वाटत होती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर ऋजू आली. प्रतिरूपापेक्षा ती बारीक दिसत होती आणि तिचे केस विस्कटलेले होते.

"आई, बाबाला सेतू बंद करायला लावलाय. शाळावार्तेचा मसुदा इथेही येतो, त्यात तू दिलेली बातमी वाचली. म्हणजे तू हो म्हणालीच नव्हतीस. मी एवढी गप्प बसले तरी तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून मी आणखी चिडले होते. मग तू एकदम हो म्हणालीस. मला वाटलं, आई किती बदलली. जाऊ दे. तिथे तू एकटी आहेस. इथे बाबाला निदान माणसं आहेत. मी येते, आई. आत्ताच संमती दिली."

"येतेय!" ताईंनी यास्मिनचे दोन्ही खांदे धरले. "यास्मिन, येतेय गं पोरगी!"

यास्मिन हसली नाही. "ताई, हे ती पाव तासापूर्वी बोललीय. तुमचा निरोप तेव्हा वाटेतच होता. तो आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिच्या हातात पडला."

ताईंचे हात खाली आले. पाच वाजेपर्यंत संमती रद्द करता येत होती, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ध्वनिग्राहक उचलला. "येच म्हणून सांगते. माझं ऐकू नकोस म्हणावं, ये."

"पोचेल तेव्हा पाच वाजून गेलेले असतील."

ती येत असली तर या शब्दांची गरज नव्हती. आणि राहिली असली, तर यान हुकल्यावर 'ये' ऐकणं तिच्या नशिबी येणार होतं. ताईंनी ध्वनिग्राहक टेबलावर ठेवला आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"सेतू लावून बघू का?" यास्मिनने हळूच विचारलं. "ती काय करेल त्याचा अंदाज लगेच सांगेल तो."

"तो अंदाज मलाही येतो. बोलणारी नमते म्हणालीस ना? आम्ही दोघीही बोललो, दोघीही नमलो."

पाच वाजले. यादी बंद झाली. आणखी थोड्या वेळाने पडदा उजळला आणि ऋजू दिसली. ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मागे निशिकांत उभा होता.

"आई, मिळाला तुझा निरोप! केली संमती रद्द. आई गं, मी पेटीसुद्धा भरायला घेतली होती. बाबाला तर काय बोलावं ते सुचत नाहीये." ती पडद्याच्या अगदी जवळ आली. "पण या वेळी खरंच तूच ना? आणि मनापासून म्हणालीस ना?"

निरोप तिथे संपत होता. ऋजू आता त्या टोकाला उत्तराची वाट बघत बसली असणार. यास्मिनने मान दुसरीकडे वळवली. तिच्या यंत्राला हे उत्तर क्षणात देता आलं असतं, आणि ताई आता देतील नेमकं तेच उत्तर त्याने दिलं असतं.

शर्मिष्ठाताईंनी डोळे कोरडे केले, पदर नीट केला आणि पडद्याकडे बघून हसल्या.

"हो गं बाई, मीच. अगदी मनापासून." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "जेवलीस का?"

उत्तर यायला अर्धा तास लागणार होता. त्या तिथेच बसून राहिल्या.