आत वळलेल्या काठाचं ताट

“आये, हे असलं ताट तू कुणासाठी केलंस गो?”

शहापूरहून माहेरी आलेल्या अनिताने सहज विचारले आणि शकूची नजर दाराकडे गेली. जुन्या स्टीलच्या ताटाचा काठ तिने एका बाजूने ठोकून आत वळवला होता, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. हात कितीही थरथरला तरी भात काठाला अडे आणि ताट जागचे हलत नसे.

दाराआड काळूराम उभा होता. भातसानगरला धरणाचे दरवाजे उघडण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, तो तिचा नवरा आता घास तोंडाशी नेताना लटपटत होता... लेकीलाही कळू नये म्हणून आतल्या खोलीत एकटा जेवत होता. त्याने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान शकूला पाहवेना.

“माझ्यासाठीच,” ती म्हणाली. “माझे हात कापतात हल्ली.”

अनिताच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्या नवऱ्याचा शहापुरात सायबर कॅफे होता. इंटरनेटवरच्या एका मंडळात लोक आपापल्या घरगुती युक्त्या मांडत, अनोळखी माणसे त्यांत भर घालत आणि पुष्कळांना पटलेली वस्तू मंडळ कारखान्यातून बनवून घेई. तिथे तिने ताटाचा आणि आईचा फोटो टाकला. कोणी तळ जड करायला सुचवले, कोणी काठाचे चित्र काढून पाठवले. एका बाईने घरचेच ताट तसे वळवले आणि लिहिले, ‘आज माझे वडील आमच्यासोबत जेवले.’ अनिताने ते घरी वाचून दाखवले तेव्हा काळूराम उठून अंगणात गेला.

शकूचे हात कापतात ही बातमी किन्हवली गावात पसरायला वेळ लागला नाही. पुतण्याच्या लग्नात शकू भाकऱ्या थापायला बसली, तर थोरली जाऊ बाईजा हिने तिच्या पुढची परात ओढून घेतली.

“ऱ्हाऊ दे गो. तू भाकरी नाय, नकाशा थापशील.”

बायका हसल्या. आजवर या भावकीत शकूवाचून भाकरीची चूल पेटली नव्हती. तिने आपले धडधाकट हात पदराखाली घेतले. ‘यांनी एकदा तरी खरं बोलावं...’ असे नवऱ्याविषयी तिच्या मनात आले आणि त्या विचाराचीच तिला लाज वाटली.

पंगत बसली तेव्हा अनिता कारखान्यातून आलेले पहिले ताट घेऊन धावत आली. “आये, सगळ्यांच्या देखत जेवून दाखव.”

भोवती माणसे जमली. शकूने घास उचलला, हात मुद्दाम थरथरवून पाहिला; पण जन्मभर कामाने घट्ट झालेला तो हात काही केल्या कापेना.

“काय गो,” बाईजा म्हणाली, “कापरं फोटोपुरतंच होतं काय?”

अनिताचा चेहरा उतरला. “आये... खोटं सांगितलंस?”

शकूने घास ताटात ठेवला.

मांडवाच्या खांबाशी, ‘पोट बरं नाय’ असे सांगून नेहमीसारखा दूर राहिलेला काळूराम पुढे आला. त्याने ते ताट उचलले, पुरुषांच्या पंगतीत मांडी घातली आणि जेवू लागला. हात असा कापत होता की वरण बाहीवरून कोपरापर्यंत ओघळले.

“हात माझे कापतात,” तो ताटाकडेच बघत म्हणाला. “हिनं माझी लाज स्वतःवर घेतली. नि मी घेऊ दिली.”

शकू धावत त्याच्याजवळ गेली, पदराने त्याची बाही पुसू लागली. “कशाला बोललात तुमी?” तिला त्याच्याकडे पाहवत नव्हते.

“पुसू नको. लय लोकांच्या मांडवातनं उपाशी उठलोय... बस हितं.”

“हितं? पुरुषांत?”

“बस म्हणतो ना.”

शकू अंग चोरून त्याच्या शेजारी बसली. अनिताने तिच्यासमोर पत्रावळ मांडली, पण आईच्या नजरेला नजर देणे तिला जमले नाही. भाताचे पातेले घेऊन बाईजा आली आणि खाली मान घालून वाढू लागली.