नुसतं बटण, बटण, बटण!

"बटण. बटण. बटण." संगणक सकाळपासून हाच पाढा म्हणत होता.

"अरे, कसलं बटण? नाव सांग की!" खारू किंचाळली.

खारूला दिसत नसे. पडद्यावरचं सगळं तिला स्क्रीन रीडर वाचून दाखवायचा. त्यात ऐन सुट्टीत कांजिण्या! अंगाला खाज आणि जिवाला घोर. आज ताईची फुटबॉलची फायनल होती, ताई गोलकीपर. मैदानावर जायची बंदी, म्हणून खारू क्लबच्या वेबसाइटवर थेट कॉमेंट्री ऐकणार होती. कालपर्यंत 'कॉमेंट्री ऐका' असं बटण व्यवस्थित वाचलं जायचं. आज ते नावच गायब!

दादानं माऊसनं बटण दाबलं. आवाज आला आणि थोड्या वेळात बंद पडला.

"सारखं दाबावं लागतंय. मी थांबतो घरी," तो म्हणाला.

"मुळीच नाही! मग गोलमागे उभं राहून ताईसाठी ओरडणार कोण? तू थांबलास तर मी कानात बोळे घालून बसेन!"

बाबा खाली दुकानात अडकलेले, आई रुग्णालयात ड्यूटीवर. दादाचा चेहरा पडला.

"थांबा!" मामेबहीण मिरची पडद्याला नाक लावून पाहत होती. "काल इथे शब्द होते, आज नुसती चित्रं आहेत. कुणीतरी कारभार केलाय. चला क्लबमध्ये! खारू, फोन चालू ठेव."

क्लबच्या ऑफिसात वेबसाइटवाले काका भलतेच खुशीत होते. "रात्रीत सगळं नवं केलं! आहे की नाही देखणं?"

"काका, बटणाला नावच नाही," दादा म्हणाला.

"नाव कशाला? एवढं मोठं चित्र! आंधळ्यालासुद्धा दिसेल!"

"नाही दिसत, काका!" फोनमधून खारू ओरडली.

काका चपापले. "अगं, तसं नव्हतं म्हणायचं... बघतो, मॅच झाल्यावर बघतो हं."

मॅच झाल्यावर? म्हणजे वरातीमागून घोडं! मिरचीनं डोळे बारीक केले. "काका, पैज! पडदा बंद, माऊस बाजूला. स्क्रीन रीडर ऐकून कॉमेंट्री लावून दाखवा. जमलं तर आम्ही गुपचूप घरी जातो."

"हात्तिच्या, एवढंच?" काकांनी पडदा बंद केला.

"बटण. बटण. बटण."

काकांनी एक दाबलं, फोटो उघडले. दुसरं दाबलं, तिकीटविक्री सुरू झाली. तिसरं दाबलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर खडखडायला लागला!

"पडदा चालू करा रे! काही कळत नाहीये!" काका घामाघूम झाले.

"मला सकाळपासून कळत नाहीये, काका," खारू म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता, रडू होतं.

काकांनी पडदा चालू करून कीबोर्ड पुढे ओढला. प्रत्येक चित्राला त्यांनी नाव दिलं, मध्येच तुटणारा आवाज दुरुस्त केला. मग म्हणाले, "शाब्बास, पोरांनो! माझे डोळे उघडलेत तुम्ही. आता पळा, मॅच गाठा!"

"कॉमेंट्री ऐका, बटण," खारूचा संगणक म्हणाला. खारूनं दणकन एंटर दाबलं.

मॅच बरोबरीत सुटली, निकाल पेनल्टींवर आला. शेवटची पेनल्टी, अडवली की जिंकलो! खारू खाजवायचंही विसरली. "...आणि अडवला! गोलकीपरनं उजवीकडे झेपावून अडवला!" खारूनं ठरलेली खूण म्हणून जमिनीवर आपली पांढरी काठी आपटली. खाली दुकानात बाबांनी गिऱ्हाइकांसकट आरोळी ठोकली!

थोड्या वेळानं ताईचा फोन आला. "ताई, तू जिंकलीस!" खारू ओरडली. "उजवीकडे झेपावून!"

"तू ऐकत होतीस, ते मला आधीच कळलं होतं गं."

"कसं?"

"दादा गोलमागे बोंबलत होता ना! तुझं अडलं असतं, तर तो आलाच नसता."