तपासनीस बाईंची कॉफी

तुमच्यापैकी एकानं जरी यावर विश्वास ठेवला, तर हा राघोत्तम मिशा उतरवील! साताऱ्याहून आलात ना, मंदारच्या लग्नाला? मग पानावरची इडली निवायच्या आत ऐका. तुमच्या मुलाला मैलापुरात बायको मिळाली ती सरकारी बैठकीत, भर दिवसा, सगळ्यांचे डोळे पांढरे करून!

नवरी वाणी आमच्या तंजावरकर मराठी माणसांपैकी, बोलणंही तसंच जुन्या वळणाचं. तिचं काम असं — वॉर्डाकडे अनुदान मागणाऱ्या संस्था न कळवता जाऊन पाहायच्या आणि समितीसमोर खरं काय ते सांगायचं. त्यावर आम्ही समितीवाले गुण देणार. कोणता वॉर्ड ते विचारू नका, मला इथंच राहायचंय. नियम कडक. तपासायला गेल्या जागी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

एका सकाळी ती सईबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली. त्या पाहा सईबाई, वाढप्यांवर डोळे वटारतायत त्या. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना त्या रोज गरम डबा पाठवतात. मुलं परदेशात, गुडघे कामातून गेलेले... त्या डब्यावरच दिवस जातो बिचाऱ्यांचा. यंदा अनुदान नाही मिळालं, तर संक्रांतीनंतर चूल बंद, असं ठरलेलं. मंदार तिथं सुट्टीच्या दिवशी राबायला यायचा, मोटारींच्या कारखान्यातून.

दारात वाणी. बाहेर कार्तिकातला पाऊस, हा एवढा — मरीना किनाऱ्याचे मासे बसथांब्यावर उभे! पदर निथळतोय... मंदारनं वर बघितलंही नाही.

“उशीर केलात! नव्या ना? घ्या, सांबाराचे कांदे सोला.”

“मी कोण, ठाऊक आहे कां आपणांस?”

“आपणांस?” आता त्यानं वर पाहिलं. पाहतच राहिला. “बाई, तुम्ही कुठल्या दरबारातून आलात?”

“दरबारांतून नव्हे. वॉर्डाच्या कचेरींतून.”

त्याच्या हातातला डाव सांबारात बुडाला. पण ती हसली, आणि कांदा सोलायला बसली! डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यानं घाईघाईनं फिल्टर कॉफी पुढे केली.

“नको. नियम आहे.”

“वास घ्यायला तरी परवानगी आहे?”

ती थबकली... वाकली... डोळे मिटून वास घेतला. “वासाबद्दल नियम मुका आहे.”

मग काय! एकदा चूल पाहायला आली, एकदा साठवणीची खोली, एकदा डबे कुठे पोचतात ते बघायला त्याच्यामागे स्कूटरवर. दरवेळी तो कॉफी पुढे करणार, दरवेळी ती वास घेऊन पेला परत करणार.

“इतर संस्थांनाही इतक्यांदा भेटता?” त्यानं एकदा विचारलंच.

“गप्प बसा, नाहीतर तसं लिहीन.”

“काय लिहाल?”

“स्वयंसेवक... आगाऊ आहेत म्हणून.”

तर बैठकीचा दिवस उजाडला. अध्यक्षबाई विजयालक्ष्मी — अय्यो, त्यांच्या आवाजानं पंखा फिरायचा! मागच्या बाकांवर संस्थांची माणसं, मंदार आणि सईबाईही. दरवर्षी अध्यक्षबाई सुरुवातीला विचारतात, इथल्या कोणत्याही संस्थेशी कुणाचं नातं असेल तर त्यानं उठून बाहेर जावं. आणि दरवर्षी सगळे समोरच्या बशीतल्या गरम बोंड्यांकडे बघतात. रीतच ती. कधी म्हणून कुणी उठलं नव्हतं.

वाणी उठली.

बोंडे हातातल्या हातात राहिले! मंदार तर मागून कुजबुजायला लागला, “बसा... अहो बसा ना!” बरोबरच होतं त्याचं. त्या चुलीजवळ बसून बघितलेलं माणूस ती एकटीच. तीच गेली, तर चुलीसाठी बोलणार कोण?

“नातं? कुणाशी गं?” अध्यक्षबाई गरजल्या.

“सईबाईंच्या स्वयंपाकघराशी. तिथल्या... एकाशी.”

“भाऊ? मामा?”

“अजून कोणीच नव्हे, मॅडम. पण माझ्या मनांत आहे.”

“त्याला माहीत आहे?”

वाणीनं मागे वळून पाहिलं. मंदारचा जबडा बाकावर टेकलेला.

“आत्तां कळलं असेल,” ती म्हणाली, आणि बाहेर निघून गेली.

भूकंप झाला असता तर परवडलं असतं! अध्यक्षबाईंची नजर फिरली ती समितीतल्या उदयसिंहवर थांबली. त्याच्या मेव्हण्याची व्यायामशाळा. घाम पुसत उठला तो. मग सुब्बा उठला, त्याच्या भाच्याचं वाचनालय. मग आणखी एक... शेवटी खुद्द अध्यक्षबाई उठल्या, त्यांच्या नणंदेचे शिवणवर्ग!

“ताता, थापा!” मंदारची बहीण अदिती राघोत्तम आजोबांना मध्येच तोडत म्हणाली.

शपथ, पोरी! सगळी खोली रिकामी. समितीत उरलो मी एकटा, कारण जगात माझं कुणाशी नातं नाही. बसलो ताठ, आणि सईबाईंच्या चुलीला पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणून आजही ती पेटते आहे!

आणि बाहेर व्हरांड्यात पाऊस... वाणी खांबाला टेकून उभी. मंदार आला, हातात कँटीनमधली कॉफी, निम्मी सांडलेली.

“तुम्ही बसायला हवं होतं,” तो हळूच म्हणाला. “आमची चूल...”

“नातं लपवून तिथें बसलें असतें, तर तुमच्या चुलीचं अन्न मज गोड लागतें कां?”

मग त्यानं पेला पुढे केला. “हिचा... वास?”

“आतां मी तपासनीस नव्हे,” असं म्हणून तिनं पेला घेतला, डोळे मिटून एक घोट घेतला, आणि डोळे उघडून म्हणाली—

“थांबा, ताता!” अदितीनं वडा खाली ठेवला. “तुम्ही एकटे आत बसून गुण देत होतात ना? मग व्हरांड्यातलं ऐकलंत कसं?”

राघोत्तमराव मिशीला हात लावून काही म्हणणार, तोच पाठीमागून सईबाईंचा आवाज आला.

“मी सांगतें. माझा सख्खा धाकटा भाऊ हा. उठायचं नांव घेईना, म्हणून मीच कान धरून व्हरांड्यांत ओढला. गुण शेजारच्या वॉर्डातल्या लोकांनी येऊन दिले, आमचे कांदे सोलून! राघू, वळव तें डोकं. दिसूं दे त्यांस, कान अजून लाल आहे कीं नाही!”