बाराव्या कुपीचा बटवा

सोमवारी प्रयोगशाळेच्या कपाटात बाराऐवजी नऊच कुप्या दिसल्या आणि डॉ. कुमुद गवाणकरांच्या कपाळाला आठी पडली. कुलूप शाबूत, म्हणजे चोर घरातलाच! किल्ल्या दोनच होत्या: एक त्यांची, दुसरी त्यांचे सहकारी टिळेकर सरांची.

कुप्यांत होती देवदार पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी वाहून आणलेली नवी बुरशी. शोध कुमुदताईंचा, नाव ठेवायचा मानही त्यांचाच. पण हिमाचलातली तीन जंगलं तिनं उभी वाळवली होती. एक कुपी जरी बाहेर गेली, तर पुढचं जंगल गेलंच समजा.

"सर, पाणी कुठंतरी मुरतंय," त्या तडक म्हणाल्या. "माझ्याआधी नाव जाहीर करायचंय ना तुम्हाला?"

टिळेकरांचा चेहरा उतरला. "नावाचं काय घेऊन बसलात! डेहराडूनला निघालेल्या आपल्या विभागातल्या पाध्यांना दोन कुप्या मीच दिल्या. म्हटलं, जाताच आहात तर एवढं घेऊन जा. का दिल्या, देवाशपथ ठाऊक नाही."

"दोन? तीन गेल्यात!"

"दोनच, बाई."

लबाड कुठला! कुमुदताई चरफडल्या. मात्र बुरशीचा वास नोंदवणाऱ्या गंधमापकाचा आलेख पाहताच त्यांनी तो टिळेकरांपुढे सरकवला.

"भुंगेऱ्याच्या अंगावर कातडीचा खिसा असतो, कवकबटवा. त्यातून तो बुरशी नेतो. आपल्याला वाटायचं, पिल्लांच्या खाऊसाठी नेतो. पण सर, हा गंध नाकात गेला की बुरशी नव्या झाडापर्यंत पोचवल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही."

"आणि आपण महिनाभर तोच हुंगतोय," टिळेकर पुटपुटले. "भुंगेरा बिचारा नुसता उडतो. माणसाला वर कारणही सुचतं."

पाध्यांना स्टेशनवर गाठून दोन्ही कुप्या परत आणल्या. अकराच्या अकरा भट्टीत जाळल्या. बारावीसाठी टिळेकरांचं टेबल, पिशवी, डबासुद्धा कुमुदताईंनी धुंडाळला. काही सापडलं नाही, आणि संशयही गेला नाही.

संध्याकाळी त्या भाचीकडे गेल्या. ओवी कॅनडाला निघाली होती, तिथल्या पाइनच्या जंगलांवर संशोधन करायला. पोरगी इतकी लांब चालली म्हणून मावशीला गहिवरून आलं.

"जातेच आहेस तर एवढं घेऊन जा गं," म्हणत त्यांनी मेतकुटाची पुडी काढायला कमरेच्या बटव्यात हात घातला.

बोटांना गार काच लागली.

बारावी कुपी! टिळेकर खरंच बोलत होते! आता ही कुपी तशीच भट्टीत न्यायला हवी होती.

"काय गं मावशी, काय देतेस?" ओवीनं हात पुढे केला.

तिकडच्या तज्ज्ञांनाही दाखवायला नको का, असं कुमुदताईंच्या मनात आलं, आणि ते त्यांना अगदी पटलं.